सागाच्या पाटीवर कुठलं कुळ लिहायचं?

सर, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. शाळेच्या आवारातल्या साठेक झाडांना पाट्या लावायच्या आहेत. हाताशी असलेल्या जुन्या पुस्तकातून तुम्ही कुळं उतरवून घेतलीत, पेंटरने निम्म्या पाट्या रंगवूनही दिल्या. मग एक पाहुणे सांगून गेले की साग आता व्हर्बिनेसी या कुळात नाही, तुळशीच्या कुळात गेला, आणि काटेसावरीचंही चुकलंय. तेव्हा पुस्तक खोटं की इंटरनेट खोटं, आणि झाडं अशी कुळं बदलतातच कशी, असं तुम्ही विचारलंय.

आधी पेंटरचं बघू. जे रंगवून झालंय त्यावर लगेच फडकं फिरवू नका. पाटीवरचा सर्वांत टिकाऊ भाग म्हणजे मराठी नाव आणि जातीचं शास्त्रीय नाव. सागाचं टेक्टोना ग्रँडिस हे नाव, शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसच्या मुलाने १७८२ साली दिलं, ते आजही तसंच आहे. हललंय ते वरचं कुळ.

गोंधळ होतो कारण ‘कुळ’ या एका शब्दाकडून आपण दोन कामं करून घेतो. एक काम ओळख पटवण्याचं: फूल उघडलं, पाकळ्या-पुंकेसर मोजले, अंडाशय आडवा कापला आणि झाड एका कप्प्यात टाकलं. दुसरं काम नातं सांगण्याचं: हे झाड आणि ते झाड एकाच पूर्वजाची लेकरं आहेत असा दावा करण्याचं. जुनी पद्धत मुख्यतः पहिल्या कामासाठी घडली. जनुकं वाचता यायला लागल्यावर दुसऱ्या कामाचा पुरावा हाती आला आणि काही कप्पे मोडले. तुमच्या पुस्तकाने तुम्हाला साग ओळखायला मदत केली असेल, तर त्याने त्याचं काम चोख केलंय.

ते पुस्तक बहुधा बेंथम आणि हूकरच्या रचनेवर आधारलेलं असणार. या दोघा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८६२ ते १८८३ या काळात लंडनजवळच्या क्यू बागेत बसून सपुष्प वनस्पतींची रचना लावली. बीएस्सीला ‘दोनशे दोन कुळं’ म्हणून घोकतो ती हीच. थिओडोर कुकने १९०१ ते १९०८ मध्ये मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची लिहिली तीही याच क्रमाने. आपल्याकडच्या कित्येक हर्बेरियमची, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहांची, कपाटं अजून याच क्रमाने लागलेली आहेत. हूकर डार्विनचा जिवलग मित्र, पण त्याची ही रचना वंशावळ म्हणून लिहिलेलीच नव्हती. मी सत्तावीस वर्षं हीच शिकवत आले आणि पावसाळ्यात पठारावर अनोळखी रोप हाती आलं की आजही आधी कुकच उघडते.

आता नात्याकडे येऊ. दोघांचं आडनाव कुलकर्णी म्हणून ते भाऊबंद ठरत नाहीत, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. कुलकर्णी, देशमुख, पाटील ही कामाची नावं. गावोगाव तेच काम केलं, तेच आडनाव लागलं. झाडांचंही असंच होतं. सारखी जागा, सारखं काम, म्हणून सारखं रूप.

याचं उत्तम उदाहरण पाण्यात सापडतं. कमळ, कुमुद आणि कासच्या तळ्यातली कुमुदिनी अशी तीन पानं कधी शेजारी ठेवून बघा. तिन्ही चिखलात मुळं रोवणारी आणि गोल पानांची. कमळाच्या पानाचा देठ मधोमध जोडलेला, पान अखंड वाटोळं, बरेचदा पाण्याच्या वर उचललेलं, आणि त्यावर थेंब टाकला तर पाऱ्यासारखा पळतो. कुमुदाच्या पानाला देठापर्यंत खाच, पान पाण्यावर लोळलेलं. कुमुदिनीचं पानही तसंच खाचेचं, पण फूल इवलंसं पांढरं, पाकळ्यांना कापसासारखी झालर. बेंथम-हूकरांनी कुमुदिनी किराइताच्या कुळात ठेवली होती, पण कमळ आणि कुमुद एकाच निम्फिएसीत.

जनुकांनी काय सांगितलं? कुमुद सपुष्प वनस्पतींच्या वंशवृक्षात अगदी बुंध्याजवळ फुटलेल्या फांदीवर बसतं. कुमुदिनीचं दूरचं गणगोत सूर्यफुलाकडे जातं. आणि कमळाचे सर्वांत जवळचे जिवंत नातेवाईक आहेत काश्मीरचा चिनार आणि चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी लावतात तो सिल्व्हर ओक! वर्गात हे सांगितलं की पोरं हसतात. मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा काहीतरी घोटाळा झालाय असंच म्हटलं होतं.

मग मी कमळाचा परागकण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्याला तीन खाचा असतात. कुमुदाच्या परागकणाला तशा तीन खाचा नसतात. जगातल्या सपुष्प वनस्पतींपैकी सुमारे तीन चतुर्थांश या तीन खाचांच्या घराण्यातल्या, आणि चिनार, सिल्व्हर ओक त्यातलेच. खूण तिथेच होती, आपण पानाच्या गोलाईवर भाळलो होतो. म्हणून ‘डीएनएने वनस्पतिशास्त्र उलटंपालटं केलं’ असं कोणी म्हटलं की मला ते पटत नाही. झाडाने दिलेल्या खुणांपैकी कुठली खूण नात्याची आणि कुठली नुसत्या कामाची, हे डीएनएने निवडून दिलं.

ही निवड कशी होते, ते जुन्या पोथ्यांवरून लवकर कळतं. छापखाने नव्हते तेव्हा पोथ्या हाताने उतरवत. नकलणाऱ्याची एखादी चूक होई, पुढचा ती चूकही इमानाने उतरवी. दहा पोथ्या समोर ठेवल्या आणि त्यांतल्या तिघींमध्ये त्याच ओवीत तीच चूक दिसली, तर त्या तिघी एकाच नकलेवरून उतरल्या हे जाणकार ओळखतो. मात्र उरलेल्या सातांमध्ये ती चूक नाही, म्हणून त्या सात एका घरच्या ठरत नाहीत. मूळ पाठ तर सगळीकडेच असतो. हे वाक्य लक्षात ठेवा, सागाला लागणार आहे.

वनस्पतींमध्ये अशी पोथी म्हणून आधी निवडलं गेलं ते आरबीसीएल नावाचं जनुक. हवेतला कार्बन पकडणाऱ्या प्रथिनाचा मोठा भाग त्यावर लिहिलेला असतो. ते हरितलवकात असल्यामुळे पानाच्या तुकड्यातही त्याच्या भरपूर प्रती मिळतात. लांबी साधारण १४०० अक्षरांची, आणि ते इतकं सावकाश बदलतं की कोट्यवधी वर्षांपूर्वीची नाती त्यात वाचता येतात. १९९३ मध्ये मार्क चेस आणि ४१ सहलेखकांनी सुमारे ५०० बीजधारी वनस्पतींचं हे जनुक जुळवून एक थोरला वंशवृक्ष मांडला. त्यानंतर १९९८ मध्ये एपीजी, म्हणजे अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप, या गटाने पहिलं वर्गीकरण छापलं. त्यात ४६२ कुळं होती. मग २००३, २००९ आणि २०१६ साली सुधारित आवृत्त्या आल्या. चौथीत ६४ गण (गण म्हणजे कुळांचा समूह) आणि ४१६ कुळं आहेत. नवं संशोधन म्हणजे नुसती फोडाफोडी असं वाटणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत.

फुटला तो ‘द्विदल’ हा मोठा गट. सीताफळ, मिरी, दालचिनी, सोनचाफा हे शाळेच्या पुस्तकात द्विदलच, पण तीन खाचांच्या घराण्यात ते येत नाहीत, त्यांची फांदी वेगळी. एकदल मात्र एकसंध राहिले.

आता तुमचा साग. जुनी सीमारेषा अशी होती: अंडाशयाचे चार फुगीर भाग आणि त्यांच्या मधून, पार तळातून कुक्षीवृंत (परागकण झेलणाऱ्या टोकाची दांडी) वर आलेला असेल तर तुळशीचं कुळ. कुक्षीवृंत अंडाशयाच्या टोकावरून निघाला तर व्हर्बिनेसी. सागाचा टोकावरून निघतो, निर्गुडीचा आणि शिवणीचाही. म्हणून ते व्हर्बिनेसीत, घाणेरीच्या सोबत. पण टोकावरून निघणं हा मूळ पाठ झाला हो. तळातून निघणं ही पुढे घडलेली ‘चूक’. चूक नसलेल्या सगळ्या पोथ्या आपण एका फडक्यात बांधून ठेवल्या होत्या.

स्वीडनच्या युनेलने १९३४ सालीच स्त्रीकेसराची रचना तपासून सांगितलं होतं की व्हर्बिनेसीतला बराच भाग तुळशीकडे जायला हवा. सूक्ष्मदर्शक आणि पातं, एवढ्यावर. तेव्हा फार कोणी मनावर घेतलं नाही. जनुकं आली आणि तो बरोबर होता हे दिसलं.

तुमच्या मुलांना हे दाखवायचं असेल तर असं करा. सागाची कोवळी फांदी बोटांत धरून फिरवा, चौकोनी लागेल. तुळशीची काडी फिरवा, तीही चौकोनी. मुलं म्हणतील, ‘सापडलं!’ मग घाणेरीची फांदी हातात द्या. तीही चौकोनीच, वर हाताला ओरखडे. म्हणजे ही खूण कामाची नाही. आता फुलोरा बघा. घाणेरीच्या गुच्छात कडेची फुलं आधी उमलतात आणि उमलणं आत सरकत जातं. साग, निर्गुडी, तुळस यांच्या फुलोऱ्याच्या प्रत्येक छोट्या त्रिकुटात मधलं फूल आधी उमलतं, बाजूची दोन मागून. भिंग असेल तर दहा मिनिटांत दिसतं. साग, निर्गुडी, शिवण आणि भारंगी लॅमिएसीत, म्हणजे तुळशीच्या कुळात; घाणेरी आणि दुरांटा व्हर्बिनेसीतच. खाडीकाठचं तिवरही व्हर्बिनेसीतून निघालं आणि कोरांटीच्या कुळात, ॲकँथेसीत गेलं.

काटेसावरीची गोष्ट तर गंमतशीर आहे. तुमच्या पुस्तकात ती बॉम्बॅकेसीत दिली असेल तर ते पुस्तक बेंथम-हूकरनंतरच्या पंडितांचं ऐकणारं आहे. कारण खुद्द बेंथम-हूकरांनी सावर माल्व्हेसीतच, म्हणजे जास्वंदीच्या कुळातच ठेवली होती. मधल्या काळात तिला वेगळं बिऱ्हाड दिलं गेलं आणि आता एपीजीने परत घरी आणली. डाळिंबाचंही तसंच: आधी मेंदीसोबत लिथ्रेसीत, मग वेगळ्या प्युनिकेसीत, आता पुन्हा लिथ्रेसीत. माल्व्हेसीत आता कहांडळ आणि मुरुडशेंगेचं स्टर्क्युलिएसी आणि धामणीचं टिलिएसी ही कुळंही विरून गेली. भेंडीचा बुळबुळीतपणा आणि अंबाडीचा वाख हातात घेतला, धामणीच्या सालीचा दोर बघितला, की हे फार परकं वाटत नाही.

माझं सर्वांत आवडतं उदाहरण मात्र जिभेवरचं आहे. पिकलेल्या पपईची एक बी दाताखाली फोडा. तिखट झणका येतो, मोहरीसारखा. शेवग्याचं मूळ खरवडून नुसता वास घ्या (चावू नका, त्याची साल विषारी असते), पुन्हा तोच झणका. जुन्या रचनेत मोहरी एकीकडे, पपई कृष्णकमळाच्या कुळात, शेवगा आंबा-काजूच्या शेजारी. तिघांची फुलं बघून कुणी त्यांना भावंडं म्हणणार नाही. पण मोहरीच्या तेलाचं रसायन बनवणाऱ्या वनस्पती एका गणात आणाव्यात, असं डेन्मार्कमध्ये काम करणारे दालग्रेन १९७५ मध्येच म्हणाले होते. जनुकांनी दुजोरा दिला. मोहरी, पपई, शेवगा, वायवर्णा, तिळवण हे सगळे आज ब्रॅसिकेलीस या एकाच गणात आहेत. एकच वांड पोर बाहेर राहिलं, ते म्हणजे पुत्रंजीव. त्याच्यात हेच रसायन आहे पण नातं नाही, त्याने ती कला स्वतंत्रपणे कमावली. म्हणजे जिभेवरही आंधळा विश्वास नको.

लिलिएसीबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते कुळ म्हणजे अडगळीची खोलीच झालं होतं. सहा पाकळ्या, सहा पुंकेसर आणि अंडाशय वर दिसला की टाका लिलिएसीत. आता शतावरी, सफेद मुसळी आणि रानकांदा ॲस्परॅगेसीत, कळलावी कोल्चिकेसीत, कांदा-लसूण ॲमॅरिलिडेसीत. कोरफडीने मात्र आमचा अंत पाहिला. लिलिएसी, मग काहींच्या मते स्वतंत्र ॲलोएसी, तिसऱ्या एपीजीत झँथोऱ्हिएसी आणि चौथीत ॲस्फोडेलेसी. यातला शेवटचा बदल तर नुसता नावाच्या नियमाचा होता, कोरफडीबद्दल नवं काही कळलं म्हणून नव्हे.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगायला हवं, नाहीतर माझं बोलणं एकतर्फी होईल.

जनुकं नातं सांगतात, पण कुळाची भिंत कुठे घालायची हे सांगत नाहीत. नियम एवढाच की एका पूर्वजाची सगळी प्रजा आत यावी, अर्धी आत अर्धी बाहेर नको. तो पाळूनही एकत्र कुटुंब ठेवायचं की वाटण्या करायच्या, हा निवाडा माणसांचाच. भोकर घ्या. चौथी एपीजी त्याला बोरॅजिनेसी या मोठ्या कुळातच ठेवते, काही अभ्यासक कॉर्डिएसी असं वेगळं कुळ मानतात. नात्याबद्दल भांडण नाही, वाटण्यांबद्दल आहे.

दुसरं असं की एका जनुकावर निकाल देणं धोक्याचं. १९९३ च्या त्या प्रसिद्ध वृक्षात सर्वांत तळाची फांदी सिरॅटोफायलमला मिळाली होती, तीच आपल्या तळ्यांत आणि मत्स्यालयांत दिसणारी बुडालेली वनस्पती. जास्त जनुकं तपासल्यावर, १९९९ मध्ये, तो मान न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या अँबोरेला नावाच्या झुडपाला गेला आणि आज बहुतेक अभ्यासक तोच धरून चालतात. शिवाय हरितलवक बहुतेक वेळा आईकडून येतं, त्यामुळे संकर झाला असेल तर बापाची बाजू त्यात दिसतच नाही. म्हणून आता केंद्रकातली जनुकं वाचतात. २०२४ मध्ये क्यूच्या पुढाकाराने ३५३ केंद्रकीय जनुकं वापरून ९५०० हून जास्त जातींचा वृक्ष छापला गेला. मोठ्या चौकटीत एपीजी टिकली, काही कोपरे हलले. त्यातला एक नमुना सुमारे २०० वर्षांपूर्वी नेपाळमध्ये गोळा केलेला, कागदावर चिकटवलेला वाळका तुकडा होता. तेव्हा कॉलेजात कोणी जुन्या शीट रद्दीत काढायला निघालं तर माझं नाव सांगा.

बाभळीचं प्रकरण वेगळ्या जातीचं आहे. ॲकेशिया या अवाढव्य प्रजातीत एकच वंश नाही हे कळल्यावर नाव कोणाकडे राहावं असा वाद झाला. खरं तर नावाचा मूळ नमुना आपली बाभूळच. पण ऑस्ट्रेलियात त्या गटाच्या हजाराच्या आसपास जाती, म्हणून २००५ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत नाव तिकडे गेलं आणि २०११ मध्ये मेलबर्नला त्यावर शिक्कामोर्तब झालं. आपली बाभूळ व्हॅचेलिया निलोटिका झाली, खैर सेनेगालिया कॅटेचू. हे मला अजूनही थोडं खुपतं. पण पाटीवर मी नवीनच नाव लिहीन.

तुमच्या हातून होऊ नये म्हणून माझी एक चूक सांगते. तिसरी एपीजी आल्यावर दिवाळीच्या सुट्टीत उत्साहाच्या भरात मी आमच्या हर्बेरियममधली निर्गुडी, शिवण, भारंगीची सगळी फोल्डरं व्हर्बिनेसीच्या कपाटातून काढून तुळशीच्या कपाटात रचली. रजिस्टरमध्ये नोंद मात्र ‘नंतर करू’ म्हणून राहिली. पुढच्या उन्हाळ्यात एक संशोधक निर्गुडीच्या जुन्या शीट बघायला आला. मी नेमकी परीक्षेच्या कामाला बाहेरगावी होते. आमच्या प्रयोगशाळा सहायकांनी दोन दिवस कपाटं उपसली आणि ‘शीट गहाळ’ असा शेरा लिहून दिला. आल्यावर पाच मिनिटांत फोल्डर निघालं, पण तो बिचारा परत गेला होता. तेव्हापासून आमची कपाटं जुन्याच क्रमाने आहेत, आणि प्रत्येक फोल्डरवर आजचं कुळ पेन्सिलीने लिहिलेलं असतं. पेन्सिलीनेच.

तर तुमच्या पाट्या. साठांपैकी बहुतेक झाडांना हातच लागत नाही. आंबा, कडुनिंब, बेल, मोह, जांभूळ जिथल्या तिथे आहेत. वड, पिंपळ, फणस पुस्तकात अर्टिकेसीत असतील तर तेवढे मोरेसीत घ्या. साग, शिवण, निर्गुडी लॅमिएसीत घ्या. सावर, कहांडळ, धामण, आणि गोरखचिंच असेल तर तीही माल्व्हेसीत. आवळा युफोर्बिएसीतून फायलँथेसीत गेलाय. रुईचं ॲस्क्लेपिएडेसी आता ॲपोसायनेसीत, कण्हेर-करवंदांबरोबर. चिंच, बहावा, आपटा, बाभूळ, पळस यांना पुस्तकाने तीन वेगळी कुळं दिली असतील तर तिन्ही काढून सरळ फॅबेसी लिहा. आतले उपकुलांचे फेरफार, २०१७ पासून सहा उपकुलं धरतात ते, पाटीवर नकोत. एखाद्या नावाबद्दल शंका आली तर क्यूच्या ‘प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’वर तपासा. कुळाच्या बाबतीत ते बहुतांशी चौथ्या एपीजीला धरून असतं.

दहावी-बारावीच्या मुलांना मात्र त्यांच्या पाठ्यपुस्तकात जे आहे तेच उत्तरपत्रिकेत लिहू द्या. गुण तपासनीस देतो, साग देत नाही.

आणि पेंटरला सांगा, मराठी नाव आणि जातीचं नाव पक्क्या ऑइलपेंटने, मोठ्या अक्षरात. कुळाची ओळ खाली, वेगळ्या छोट्या पट्टीवर, दोन स्क्रूंनी बसवलेली. आमच्या आवारात तशाच आहेत. कोरफडीच्या पट्टीचे स्क्रू तेवढे ढिले झालेत.